परदेशात मुलांसाठी काम करायला जाताय? तयारी या क्रमाने करा

नेपाळ, कंबोडिया किंवा केनिया बघून यायचं आणि त्यातच आठ-दहा दिवस तिथल्या निराधार मुलांसाठी काहीतरी करायचं, असं ठरवणारी माणसं नाशिकमध्ये आता बरीच भेटतात. शेवटच्या वर्षाची कॉलेजची मुलं असतात, नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक असतात, ‘एवढं फिरलो, आता जरा सत्कारणी लावू’ म्हणणारी जोडपीही असतात. बहुतेक जण सुरुवात तिकिटापासून करतात, कारण तीन महिने आधी काढलं की स्वस्त पडतं. पण तारखा ठरल्या की मग त्या तारखांत जी संस्था ‘या’ म्हणेल ती चालते. म्हणून तिकीट सगळ्यात शेवटी ठेवा.

आधी कागद घ्या आणि आपल्याला नेमकं काय येतं ते लिहा. फिजिओथेरपी, दात तपासणं, हिशेब लिहिणं, ब्रेल, शिलाई मशीन दुरुस्त करणं, नळजोडणी, शिक्षकांना गणित शिकवण्याच्या पद्धती दाखवणं, यातलं काहीही चालेल. कागदावर ‘मुलांशी खेळेन, त्यांना प्रेम देईन’ एवढंच उतरलं, तर या वर्षी नुसतं फिरून या. त्यात कमीपणा काही नाही. दहा दिवसांसाठी जाणाऱ्याने तिथल्या मोठ्या माणसांबरोबर काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. काळजीवाहकांना, शिक्षकांना, हिशेबनिसांना हात द्यावा, मुलांना अंगाखांद्यावर घेत बसू नये.

हे मी इथल्याच एका बालगृहात काम करताना जे पाहते त्यावरून सांगते आहे. आमच्याकडे रविवारी वाढदिवसवाले येतात, पितृपक्षात एकाच दिवशी तीन-तीन घरचं जेवण येतं आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यास घ्यायला कुणी फिरकत नाही. गेटची कडी वाजली की लहान मुलं आपणहून रांग लावून स्वागतगीत सुरू करतात. एकदा गॅस सिलिंडरवाल्यासाठी पूर्ण दोन कडवी म्हणून झाली, तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा! पाहुणे गेल्यावर ज्या मुलाला दिवसभर कडेवर घेतलेलं असतं त्याला झोपवायला मावशींना रात्री अकरा वाजतात. परदेशी संस्थेत तुम्ही त्या पाहुण्यांच्या जागी असणार आहात. म्हणून जाण्याआधी निदान तीन महिने, दर शनिवारी, नाशिकमधल्याच एखाद्या संस्थेत ठरलेलं एक काम करून पाहा. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी कंटाळा आला, तर तेही इथेच कळलेलं बरं.

यादीतला सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे संस्था निवडणं. यावर जितका वेळ द्याल तितका कमीच. अनाथाश्रमातली मुलं अनाथच असतात असं नाही. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००९ साली मांडलेल्या अंदाजानुसार, जगभरात अशा संस्थांमध्ये राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी निदान चौघांच्या आईवडिलांपैकी एक तरी हयात असतो. मुलं तिथे येतात ती गरिबीमुळे, शाळेच्या आशेने, आणि काही देशांत तर पाहुण्यांच्या देणग्या येत राहाव्यात म्हणून आणली जातात. नेपाळमध्ये दलाल डोंगराळ गावांत जाऊन ‘शिकवतो’ म्हणून मुलं काठमांडूकडे न्यायचे. २०१५ च्या भूकंपानंतर तर सरकारला पालकांशिवाय मुलांना एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यावरच बंदी घालावी लागली. कंबोडियात २०११ मध्ये ‘मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत’ अशी मोहीमच काढावी लागली. मुद्दा असा, की आपल्या देणगीमुळे एखादं मूल घरापासून तुटत नाही ना, हे बघायची जबाबदारी आपलीच आहे.

त्यासाठी फोनवर सरळ विचारा. मुलांचे आईवडील कुठे आहेत? ती घरी परत जावीत म्हणून तुम्ही काय करता? सरकारी नोंदणी कोणत्या खात्याकडे आहे? माझ्यासारखा माणूस मुलांबरोबर एकटा कधी असेल का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, काही अडचण नाही’ असं उत्तर आलं तर संस्था बाद करा. चांगली संस्था तुम्हालाच उलटे प्रश्न विचारते, पोलिसांचा दाखला मागते, ओळखीच्या दोघांची नावं मागते, बालसंरक्षणाच्या नियमांवर सही घेते आणि कधी कधी सरळ नाही म्हणते. पैसे भरा आणि सोमवारपासून या, एवढंच सांगणाऱ्यांपासून लांब राहा. वसतिगृहापेक्षा दिवसाची शाळा, अपंग मुलांचं उपचार केंद्र, किंवा कुटुंबाला आधार देऊन मूल घरातच राहील असं पाहणारी संस्था मिळाली तर उत्तम.

मग कागदपत्रं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने उरलेली असू द्या. (पासपोर्टची पुस्तिका छापली जाते आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पण म्हणून आपल्याला लवकर मिळते असं काही नाही.) नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. मात्र पासष्टीच्या आतल्या प्रौढांना नुसत्या आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत. बाकी देशांत पर्यटक व्हिसावर फुकट कामही चालेलच असं धरू नका. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं. संस्थेला लेखी निमंत्रणपत्र मागा आणि कोणता व्हिसा लागेल ते वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरच होतो. पासपोर्टवर निफाडचा पत्ता आणि राहायला पाथर्डी फाट्यावर, असं असेल तर जास्तीचे दिवस धरा. कंबोडियाला जाणाऱ्यांनी निमंत्रणपत्र आणि परतीचं तिकीट हातातल्या बॅगेत ठेवावं. खोट्या नोकरीच्या आमिषाने तिथे नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर भारतीय तरुणांना डांबण्याचे प्रकार झाले आहेत, त्यामुळे विमानतळावर विचारपूस होऊ शकते.

लसींचं काम दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना विचारून उरका : टायफॉईड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात. केनिया किंवा युगांडाला जायचं असेल तर पिवळ्या तापाची लस हवीच. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि जन्मभर चालतं. ते नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. जाण्याआधी खोकला रेंगाळत असेल तर थुंकी तपासून घ्या. तुमचा खोकला त्या मुलांना परवडणारा नाही. प्रवास विमा तर घ्याच.

पैशांचं थोडक्यात. संस्था शुल्क घेत असेल तर त्यातलं राहण्या-जेवणाचं किती आणि मुलांवरच्या खर्चाचं किती, ते लेखी मागा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ती इथल्या देणगीवरही नाही. रोख पैसे मुलांच्या हातात कधीच देऊ नका. जुने कपडे आणि खेळणी इथून वाहून नेऊ नका, जे लागतं ते विचारून तिथल्याच दुकानातून घ्या.

फोनबद्दल मी जरा कडक आहे. आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. इथे जे चालत नाही ते तिथे का चालावं? मुलांचे फोटो काढू नका, स्टेटसला तर नाहीच. पाठमोरा फोटो, शाळेची पाटी दिसणारा फोटो, यांनीही ठिकाण कळतं. मुलांना आपला नंबर देऊ नका, ‘पुढच्या वर्षी नक्की येते’ म्हणू नका. आपण कधी जाणार ते पहिल्याच दिवशी, तिथल्या ताईंच्या तोंडून, मुलांना कळू द्या.

प्रवासाचं फारसं अवघड नाही. नेपाळसाठी नाशिकरोडहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत, पुढे सुनौलीपर्यंत बस मिळते. विमान मुंबईचं असेल आणि दिवस पावसाळ्याचे असतील, तर कसारा घाटासाठी चार तास जास्तीचे धरा. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या गर्दीच्या तारखा बघूनच रेल्वेचं आरक्षण करा.

आणि चिवडा. नाशिकहून निघताना कुणीतरी दोन किलो देणारच. तो संस्थेतल्या स्वयंपाकघरात द्या, तिथल्या बायकांबरोबर बसून खा, मुलांमध्ये परस्पर वाटू नका. त्यात शेंगदाणे असतात आणि कुणाला त्यांची ॲलर्जी आहे हे तुम्हाला माहीत नसतं, तिथल्या स्वयंपाकिणीला असतं.