प्रयोगशाळा हरित करताय? या चुका टाळा

प्रयोगशाळा ‘हरित’ करायचं ठरलं की आधी दारावर ‘दिवे बंद करा’चे स्टिकर लागतात आणि कोपऱ्यात रंगीत डबे येतात. त्यात वाईट काही नाही, पण वीजबिल जागचं हलत नाही. बिल वाढवणारी यंत्रं वेगळीच असतात: उणे ८० अंश सेल्सियसचे फ्रीझर, फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा पंख्याने बाहेर ओढणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट) आणि या दोघांशी दिवसभर झुंजणारा एसी. सुरुवात तिथून करा.

फ्रीझर उणे ७०वर आणला, पण अलार्म तसाच ठेवला

जुना उणे ८०चा फ्रीझर दिवसाला साधारण २० युनिट घेतो, म्हणजे वर्षाला ७,३००. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. सरासरी ८३० वॉटचा हीटर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं. एका खोलीत असे चार असतील तर जवळपास एक टन एसी त्यांच्याच दिमतीला लागतो.

तापमान उणे ७०वर आणलं की वापर साधारण ३० टक्क्यांपर्यंत घटतो. डीएनए, आरएनए, बहुतेक प्रथिनं आणि जिवाणूंचे ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेले साठे) यांना एवढी थंडी पुरते. पेशींच्या कल्चरचे दीर्घकाळ ठेवायचे स्टॉक मुळात उणे ८०चे नव्हेतच, त्यांची जागा द्रव नायट्रोजनमध्ये. आणि ज्या नमुन्यांचं तापमान मंजूर प्रोटोकॉलमध्ये लिहून दिलंय, त्यांना हात लावू नका.

आता चूक कुठे होते? सेटिंग बदलतं, पण उच्च तापमानाचा अलार्म उणे ७०वरच राहतो. मग तो सारखा वाजतो, कुणीतरी वैतागून बंद करतं आणि खरा बिघाड रात्री होतो तेव्हा फ्रीझर मुका असतो. सेटिंगसोबत अलार्मही उणे ६०वर न्या.

दुसरी बाजू वीज जाण्याची. उणे ७०वरून उणे ५०वर चढायला उणे ८०पेक्षा कमी वेळ लागतो. म्हणून बदल करण्याआधी जनरेटर खरंच आपोआप सुरू होतो का, ते करून बघा. वीज परत येताच सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले तर एमसीबी पडतो. यंत्रात ‘विलंबाने सुरू’ची सोय असेल तर प्रत्येकाला वेगळी मिनिटं द्या. रिकामे कप्पे पाण्याच्या बंद डब्यांनी भरले तर थंडी जास्त टिकते. डबे तीन-चतुर्थांशच भरा, आधी साध्या फ्रीझरमध्ये गोठवा आणि मग थोडे थोडे आत सरकवा. कोमट डबे एकदम कोंबले तर शेजारचे नमुनेच वितळायला लागतील.

हे सगळं करूनही बचत दिसत नसेल तर कंडेन्सरची जाळी बघा. धुळीने बुजलेली जाळी म्हणजे कॉम्प्रेसरला उसंत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी धुऊन, पूर्ण वाळवून परत लावा. बर्फ दाराच्या एकाच कोपऱ्यात साचत असेल तर तिथलं गॅस्केट (दाराची रबरी कड) गळतंय. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथे हवा शिरते. बर्फ लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीनेच काढा. स्क्रू-ड्रायव्हरने आतली नळी फुटली की फ्रीझर गेला म्हणूनच समजा.

मोजणीतही फसगत होते. कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, त्यामुळे मीटरवरचा त्या क्षणाचा वॉटचा आकडा निरुपयोगी. १६ अँपियरचा प्लग-मीटर लावून बदलाआधी ७ दिवस आणि नंतर ७ दिवस युनिट मोजा. मे आणि जुलैची तुलना करू नका.

फ्यूम हूडची काच खाली केली, की झालं?

१.५ मीटर रुंद हूड, काच ४५ सेंटिमीटर उघडी, हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर: तासाला सुमारे १,२०० घनमीटर गार हवा छतावरून बाहेर. काच खाली केल्याने हे थांबतं, पण फक्त पंख्याचा वेग काचेनुसार बदलणाऱ्या हूडमध्ये. स्थिर वेगाच्या हूडमध्ये हवा बायपासमधून तेवढीच जाते. काच खाली-वर करून ब्लोअरचा करंट मोजा. फरक नसेल तर काच लावणं सुरक्षिततेसाठी चांगलं, बिलासाठी नाही. तिथे बचत हूड बंद केल्यावरच होते. तो बंद करता येत नाही, कारण आत सॉल्व्हंटच्या (द्रावकांच्या) बाटल्यांची कायमची वस्ती असते. त्या वायुवीजन असलेल्या कपाटात हलवा, सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारा, मग स्विच बंद करा.

नळ रात्रभर वाहता

रिफ्लक्स कंडेन्सरला (उकळत्या द्रवाची वाफ थंड करून परत खाली आणणाऱ्या काचेच्या नळीला) मिनिटाला एक लिटर पाणी म्हणजे २४ तासांत १,४४० लिटर. २० लिटरची बादली आणि छोटा सबमर्सिबल पंप यांवर हेच काम होतं. मात्र उन्हाळ्यात बादली तापते. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, ईथर ३५ला. त्यांच्यासाठी चिलर किंवा बर्फ हवाच, नाहीतर वाफ सरळ खोलीत. नळ्यांना क्लिप लावा.

व्हॅक्यूमसाठी पाण्याचा अ‍ॅस्पिरेटर (नळाच्या धारेने हवा ओढणारं साधन) वापरणं ही दुहेरी चूक: पाणी जातं आणि सॉल्व्हंटही गटारात. डायफ्राम पंप आणि मध्ये कोल्ड ट्रॅप (वाफ थंड करून अडवणारा सापळा) घ्या.

डिस्टिल्ड पाणीही फुकट नाही. एक लिटर उकळून वाफ करायला किमान ०.७ युनिट लागतं, दुहेरी ऊर्ध्वपातनात त्याच्या दुप्पट, शिवाय थंड करायचं पाणी वेगळं. काचसामान आधी नळाच्या पाण्याने तीनदा विसळा. डिस्टिल्ड फक्त शेवटच्या हाताला.

प्लॅस्टिक: धुण्याआधी नाव वाचा

पॉलिप्रोपिलीनच्या टिप्स आणि नळ्या १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह होतात (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करता येतात). पॉलिस्टायरीनच्या पेट्री डिश वितळून चिकटतात. बफर आणि माध्यमं ढवळायला धुतलेलं सामान चालतं, आरएनए आणि पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीसाठी) नवंच घ्या. वेष्टनं जैववैद्यकीय पिशवीत टाकू नका. पिवळ्या पिशवीत गेलेला कागदही भट्टीतच जातो. हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) भिजवलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका: क्लोरीन वायू सुटतो आणि चेंबरच्या स्टीलला भोकं पडतात. निर्जंतुकीकरणासाठी दोन्हींतली एकच पद्धत निवडा.