कागदावरची एअरलाइन का बुडते? युरोपातल्या लहान मार्गांवरच्या या चुका टाळा

दरवर्षी मी एव्हिएशन मॅनेजमेंटच्या मुलांना एक असाइनमेंट देतो: युरोपात रीजनल एअरलाइन, म्हणजे लहान मार्गांवर लहान विमानं उडवणारी कंपनी, काढा, कागदावर. मार्ग तुमचे, विमानं तुमची, पैसे बँकेचे. युरोप मुद्दाम निवडलाय, कारण तिथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत बुडालेल्या लहान कंपन्यांची रांगच लागली आहे आणि त्यांचे हिशेब बऱ्यापैकी उघड झालेत. आठवड्याभरात एक्सेल शीट येतात आणि बहुतेकांची एअरलाइन दुसऱ्या वर्षी नफ्यात असते. मग आम्ही एकेक शीट उघडून बसतो.

‘सर, भाडं थोडं कमी ठेवलंय, विमानं भरतील’

इथेच निम्मी शीट फुटतात. मुलांच्या डोक्यात रीजनल विमान म्हणजे मोठ्या विमानाचं धाकटं भावंड: सीटा एक तृतीयांश, तर खर्चही एक तृतीयांश. तसं होत नाही. सत्तर सीटांचं, बाहेर पंखे असलेलं (टर्बोप्रॉप) एटीआर-७२ घ्या आणि स्वस्त एअरलाइनचं १८९ सीटांचं बोइंग ७३७-८०० घ्या. कॉकपिटमध्ये दोन्हीकडे दोनच पायलट. केबिन क्रू दर ५० सीटांमागे एक, म्हणजे एटीआरला दोन आणि बोइंगला चार.

आणखी एक आकडा मी फळ्यावर सोडवून दाखवतो. युरोपात हवाई मार्गाची जी फी युरोकंट्रोल ही हवाई वाहतूक सांभाळणारी संस्था गोळा करते, ती थेट विमानाच्या वजनावर लागत नाही, वजनाला ५० टनांनी भागून त्याच्या वर्गमुळावर लागते. एटीआर २३ टनांचं, बोइंग ७९ टनांपर्यंतचं. वर्गमूळ काढलं की तेवढ्याच अंतरासाठी एटीआरची फी बोइंगच्या निम्म्याहून थोडी जास्तच येते. सीटा मात्र ३७ टक्के. हे गणित फळ्यावर उतरलं की वर्ग जरा गप्प होतो.

म्हणून भाड्याच्या लढाईत उतरू नका. मोठ्या विमानाशी स्वस्ताईत भिडणं म्हणजे टपरीवाल्यानं डी-मार्टशी साखरेच्या भावात स्पर्धा करणं. लहान विमानाचा माल वेगळा असतो: सकाळी सातला जाऊन संध्याकाळी सातला घरी परत. ज्या मार्गावर दिवसाला शंभर-दीडशेच प्रवासी आहेत तिथे १८९ सीटांचं विमान दिवसातून एकदाच जाईल, तेही त्याच्या सोयीच्या वेळी. दोन फेऱ्या लहान विमानच देऊ शकतं आणि कामाला निघालेला माणूस त्याचेच पैसे मोजतो. शीटमध्ये आधी वेळापत्रक लिहा, भाडं नंतर. आणि मार्ग फार फुगायला लागला तर खूश होऊ नका, मोठा खेळाडू तिकडे बघतोच आहे.

नुसत्या फेऱ्या वाढवूनही भागत नाही, हे ब्रिटनच्या फ्लायबीएमआयनं दाखवलं. २०१८ साली त्यांनी २९ हजार उड्डाणांत ५ लाख २२ हजार प्रवासी नेले. भागाकार करा: एका उड्डाणाला सरासरी अठरा माणसं, आणि विमानं ३७ ते ४९ सीटांची जेट. १६ फेब्रुवारी २०१९ ला कंपनी बंद पडली. कारणं सांगताना इंधन, कार्बनचा खर्च आणि ब्रेक्झिटची अनिश्चितता यांची नावं घेतली गेली. ती खरीच होती. पण अठरा माणसांच्या तिकिटांत जेट इंजिनाचा खर्च निघत नाही, त्याला ब्रेक्झिट कशाला हवं?

जेटचा मोह

मुलांना जेट हवंच असतं. टर्बोप्रॉपचा पंखा बाहेरून फिरताना दिसतो, म्हणून ते ‘जुनाट’ वाटतं. तीनशे-चारशे किलोमीटरच्या मार्गावर जेटनं वाचणारी मिनिटं टॅक्सीवेवरच्या रांगेत संपतात, इंधन मात्र प्रत्येक फेरीला जास्त जळतं.

हा मोह सर्वांत महाग पडला तो ब्रिटनच्याच फ्लायबीला (फ्लायबीएमआय वेगळी, ही वेगळी). क्यू-४०० या टर्बोप्रॉपचा जगातला सर्वांत मोठा ताफा या कंपनीकडे होता. तरी २०१० मध्ये शेअर बाजारात उतरायच्या काही महिने आधी तिनं ३५ एम्ब्रेअर ई-१७५ जेट मागवली. मागणी आली नाही. २०१४ मध्ये त्या ऑर्डरमधली वीस विमानं एका अमेरिकन कंपनीकडे वळवून, बदल्यात पुन्हा क्यू-४०० भाड्यानं घ्यावी लागली. ५ मार्च २०२० ला फ्लायबी बुडाली तेव्हा सगळ्यांनी करोनाकडे बोट दाखवलं. करोना हा शेवटचा धक्का होता, दुखणं जुनं होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच नावानं नवी कंपनी उडाली आणि २८ जानेवारी २०२३ ला तीही थांबली.

त्यात सरकारी करांचीही भर होती, हे मान्य केलं पाहिजे. ब्रिटनमध्ये प्रवासी कर निघण्याच्या विमानतळावर लागतो. देशांतर्गत जाऊन-येऊन तिकिटावर तो दोनदा बसायचा, १३ पौंड आणि १३ पौंड. परदेशी जाऊन आलात तर एकदाच. देशांतर्गत दर निम्मा झाला तो एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे दोन्ही फ्लायबी जमीनदोस्त झाल्यावर. शीटमध्ये करासाठी वेगळी ओळ ठेवा आणि ती जाताना-येताना दोन्हीकडे तपासा.

नुकसानभरपाईची ओळच नाही

माझ्या मते ही सर्वांत घातक चूक. दहापैकी नऊ शीटमध्ये ती ओळ नसते. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम सांगतो की कंपनीच्या कारणानं उड्डाण ऐनवेळी रद्द झालं, तर १,५०० किलोमीटरपर्यंतच्या मार्गावर माणशी २५० युरो द्या. तीन तासांहून जास्त उशिरालाही तेच. तिकीट कितीचं होतं, याच्याशी नियमाला देणंघेणं नाही.

उदाहरणादाखल आकडे धरू. विमानात ५२ प्रवासी, हातात माणशी ८५ युरो, मिळकत ४,४२० युरो. उड्डाण रद्द झालं आणि सगळ्यांनी दावा केला तर १३,००० युरो जातात, म्हणजे जवळपास तीन उड्डाणांची मिळकत. सगळे दावा करत नाहीत, हे खरं. पण तुमच्या वतीनं दावा लावून देणाऱ्या वेबसाइट आता भरपूर आहेत.

‘पण सर, विमान बिघडलं तर त्यात कंपनीचा काय दोष?’ कोर्ट म्हणतं, बिघाड हा धंद्याचाच भाग आहे. २०२३ मध्ये तर युरोपीय न्यायालयानं को-पायलट उड्डाणापूर्वी अचानक मरण पावल्याच्या प्रकरणातही भरपाई द्यावी लागेल असाच निकाल दिला. आणि एकाच तिकिटावर पुढे लांबचं विमान असेल तर अंतर पूर्ण प्रवासाचं धरतात. तुमच्या छोट्या विमानाला चाळीस मिनिटं उशीर, प्रवाशाचं न्यूयॉर्कचं विमान चुकलं, तो चार तासांहून जास्त उशिरा पोचला, की ६०० युरो.

उपाय दोन. एटीआर दिवसाला सहा-आठ उड्डाणं करतं, सकाळचा बिघाड रात्रीपर्यंत पसरत जातो, म्हणून दुपारी एक मोकळी फट ठेवा. आणि दहा विमानांमागे एक तरी राखीव. मुलं म्हणतात, राखीव विमान म्हणजे पांढरा हत्ती. बघा बुवा, भरपाईच्या ओळीशेजारी ठेवून बघा.

सगळी अंडी एका मोठ्या एअरलाइनच्या टोपलीत

हे थोडक्यात. मोठ्या एअरलाइनच्या नावानं आणि रंगानं उडणं सुखाचं असतं, तिकीटविक्रीची चिंता नाही. पण करार संपला की पायाखालचा गालिचा जातो. आयर्लंडची स्टोबार्ट एअर ‘एर लिंगस रीजनल’ म्हणून उडायची. पुढचा करार दुसऱ्या कंपनीकडे जाणार हे आधीच ठरलं होतं, त्यात करोना, आणि जून २०२१ मध्ये ती बंद. शीटमध्ये एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त पैसे येत असतील तर लाल रंग द्या.

अनुदान म्हणजे पेन्शन नव्हे

जिथे रस्ता नाही, रेल्वे नाही, तिथे युरोपात सरकार निविदा काढतं. याला पीएसओ (पब्लिक सर्व्हिस ऑब्लिगेशन) म्हणतात. जिंकणाऱ्याला साधारण चार वर्षांपर्यंत त्या मार्गाचा एकाधिकार आणि ठरलेले पैसे. स्कॉटलंडच्या ‘बारा’ नावाच्या बेटावर लोगनएअर कंपनीचं ट्विन ऑटर हे छोटं विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं आणि वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरतं. त्याच कंपनीचं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण २.७ किलोमीटरचं, दोनेक मिनिटांचं. अशा ठिकाणी बाजारभावानं कुणी उडणार नाही.

चूक होते ती बोली लावताना. निविदा जिंकायची म्हणून आकडा पाडायचा, आणि मध्येच इंधन वाढलं की बोंब. शिवाय मुदतीनंतरचा विचारच नसतो. हे आपल्याला नवं नाही. उडान योजनेत तीन वर्षं तुटीची भरपाई मिळते. चिपीहून ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं विमान तीन वर्षं उलटताच बंद झालं, हे कोकणातल्या कुणालाही विचारा. विमानही तेच, एटीआर.

‘आमचा ताफा २०२८ पासून इलेक्ट्रिक’

असं लिहिणाऱ्यांची हौस मला आवडते, गुण कापावेच लागतात. नॉर्वेची विडेरो कंपनी इटलीच्या टेकनामबरोबर नऊ सीटांचं बॅटरीवरचं विमान आणणार होती. २०२३ मध्ये टेकनामनं ते बाजूला ठेवलं, कारण बॅटरी इतक्या लवकर झिजतात की हिशेब बसत नाही. दरम्यान खर्चाची घड्याळं चालूच आहेत: युरोपीय संघातल्या विमानतळांवरच्या इंधनात हरित इंधन २०२५ पासून २ टक्के, २०३० ला ६ टक्के. कार्बन सोडण्याचे फुकट परवाने २०२६ पासून बंद.

याच्या उलट टोकाची चूकही होते: ‘फ्रान्सनं छोटी उड्डाणं बंदच केली ना?’ नाही. अडीच तासांत रेल्वे पोचते अशा मार्गांपुरता तो नियम आहे आणि प्रत्यक्षात पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाहून बोर्दो, नान्त आणि लिआँ, एवढीच उड्डाणं त्यात गेली. समुद्र आणि डोंगर ओलांडणारे मार्ग तसेच आहेत. संधी शोधायची तर तिथेच.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर ८०० मीटरच्या आसपासच्या कितीतरी धावपट्ट्या आहेत. विडेरो तिथे डॅश ८-१०० उडवते, सुमारे ३९ सीटांची. ती विमानं म्हातारी झालीत आणि तसली नवी आता कुणी बनवत नाही. आखूड धावपट्टीसाठीचं एटीआर ४२-६००एस येणार होतं, ते कंपनीनं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रद्द केलं. प्रवासी आहेत, सरकार पैसे द्यायला तयार आहे, विमान नाही. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं एअरलाइन काढलीच नाही. जुन्या डॅश ८ ची दुरुस्ती आणि सुटे भाग पुरवणाऱ्या दुकानाचा हिशेब मांडून आणला. पूर्ण वर्गात नफा दाखवणारं आणि मला पटलेलं ते एकच शीट होतं.