जपानी आरपीजीच्या भाषांतरावर बैठक: सीन निवडण्यापासून मराठी ओळीपर्यंत

जपानी रोल-प्लेइंग गेमच्या भाषांतरावर बोलायला बसलं की दहा मिनिटांत गाडी ‘मूळ भारी की इंग्रजी’ इथे येऊन अडकते. इंदूरच्या मराठी घरांतल्या गेमर मंडळींनी हा रस्ता सोडावा आणि मध्ये मराठी घालावी. मराठीत ओळ लिहायला घेतली की बोलणारा पुरुष की बाई, समोरच्याला ‘तू’ की ‘तुम्ही’, ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. इंग्रजी यातलं बरंच काही झाकून पुढे जाते. जपानीत त्यातलं काय उघड होतं आणि काय मुद्दाम मोघम ठेवलं होतं, हे शोधायला मग भाग पडतं.

चार-पाच जण, एकच सीन, दहा-बारा डायलॉग बॉक्स, दोन तास. याहून मोठा घास घेऊ नका. चाळीस-पन्नास तासांच्या अख्ख्या गेमवर चर्चा ठेवली की प्रत्येक जण आपल्या लाडक्या पात्राबद्दल बोलतो आणि भाषांतर बाजूला राहतं. रविवारी पोहे-जलेबी आटोपून बसा, पण लॅपटॉपपासून पाकाचे हात लांब ठेवा.

गेम विकत घेण्याआधी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या पानावरचा भाषांचा तक्ता वाचा. त्यात इंटरफेस, फुल ऑडिओ आणि सबटायटल असे तीन वेगळे रकाने असतात. जपानीसमोर फक्त ऑडिओची खूण असेल, तर पडद्यावर जपानी मजकूर मिळणार नाही. मजकूर असेल तर लायब्ररीत गेमवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये भाषा बदला. काही गेममध्ये ही सोय आतल्या मेनूत असते. भाषा बदलताना गेम बहुधा पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणून सीनच्या जरा आधी सेव्ह करून ठेवा. जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल अशी जोडी लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: ती सबटायटल बहुतेकदा इंग्रजी डबिंगच्या संवादांवरून आलेली असतात. कानावर एक आणि डोळ्यासमोर दुसरं आलं, म्हणून ती लगेच चूक ठरत नाही.

वहीच्या पानावर सगळ्यात वर आवृत्ती आणि तिचं वर्ष लिहा. ‘फायनल फॅन्टसी ५’ १९९२ची. तिचं चाहत्यांनी केलेलं इंग्रजी १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलं, अधिकृत इंग्रजी १९९९ला प्लेस्टेशनवर, आणि गेम बॉय अॅडव्हान्सचं वेगळं इंग्रजी २००६ला. तीन जण तीन इंग्रजी वाचून आले, तर वाद सुटणारच नाही.

खाली पाच रकाने आखा: बॉक्सचा क्रमांक व पात्र, जपानी देवनागरीत, शब्दशः अर्थ, इंग्रजी, मराठी. शब्दशः अर्थासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अॅप चालतं, पण त्याचे दोन दोष ठाऊक असू द्या. जुन्या गेममधली चित्रलिपी इतक्या कमी ठिपक्यांत बसवलेली असते की अॅप जवळपास दिसणारं भलतंच अक्षर वाचतं. फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या यंत्राच्या काळातल्या बऱ्याच गेममध्ये तर चित्रलिपीच नाही, नुसती उच्चार दाखवणारी काना अक्षरं, आणि ‘हाशी’ म्हणजे पूल की जेवायच्या काड्या हे ते अंदाजाने ठोकून देतं. दुसरा दोष जास्त महाग पडतो. जपानी वाक्यात कर्ता सर्रास गाळलेला असतो आणि अॅप तिथे ‘मी’ किंवा ‘तो’ स्वतःच्या मनाने घालतं. मूळ ओळीत सर्वनाम दिसत नसेल, तर तिसऱ्या रकान्यातलंही खोडा.

जपानी येत नसलं तरी काही गोष्टी कानाने पकडता येतात. पात्र स्वतःला काय म्हणतं ते ऐका: ‘ओरे’ रांगडं, ‘बोकु’ मवाळ आणि पोरसवदा, ‘वाताशी’ सभ्य, ‘वाशी’ गेमच्या दुनियेत म्हाताऱ्यांचं. मराठीत या सगळ्यांना ‘मी’च आहे, म्हणून तो फरक क्रियापदात, संबोधनात किंवा शेवटच्या शब्दात काढावा लागतो. वाक्याच्या शेपटीला ‘ने’ आला की आपला ‘ना’ बहुधा बसतो. ‘यो’ला ‘हं’ किंवा ‘बरं का’. ‘राशी’ किंवा ‘दात्ते’ला आपल्याकडे ‘म्हणे’ हा तयार शब्द आहे: ‘राजा आजारी आहे म्हणे.’ इंग्रजीला तिथे आणखी तीन-चार शब्द लागतात, आणि जागा नसली की अफवा थेट बातमी होऊन बसते.

आता खरा कस. ‘फायनल फॅन्टसी ५’मधली फारिस घ्या (गेम खेळला नसेल तर हा परिच्छेद सोडा). समुद्री चाच्यांचा म्होरक्या, सगळे पुरुष समजतात, निघते मात्र राजकन्या. जपानीत ती ‘ओरे’ म्हणते, आणि क्रियापदाला लिंग नसल्याने पुढचं सारं झाकलेलं राहतं. १९९९च्या इंग्रजीने तिच्या तोंडी नाटकी चाचेबोली दिली. २००६च्या इंग्रजीने ती काढून टाकली. मराठीत पहिल्याच बॉक्सला प्रश्न येतो: ‘जहाज मी देणार नाही’ चालतं, ‘मी इथंच वाढलो’ म्हटलं की लपवाछपवी पुरती वठते, आणि गुपित फुटल्यावर ‘वाढलो’चं ‘वाढले’ करायचं का? माझं मत, करू नये. ज्या बाईने आयुष्यभर ‘आलो, गेलो’ म्हटलं, ती एका रात्रीत बोली बदलणार नाही. बहिणीसमोर एकदाच ‘आले’ निसटू द्या; तो बॉक्स कुठला, यावर अर्धा तास वाद घालण्यासारखा आहे.

‘ओरेताची’ (‘ओरे’चं अनेकवचन) आलं की ‘आम्ही’ की ‘आपण’, हे ऐकणारा कोण त्यावर ठरतं. पुढे गद्दार निघणारं पात्र साथीदारांना ‘ओरेताची’ म्हणत असेल, तर ‘आम्ही’ लिहून तुम्ही आधीच चुगली केलेली असते. इंदूरमध्ये आणखी एक घोळ: इथल्या हिंदीतलं ‘अपन’ एकट्यासाठीही चालतं आणि ते घरच्या मराठीत शिरतं. ‘आपण नाही जात’ ही ओळ कोणी मोठ्याने वाचली, की एकटा जात नाही की सगळे, हे विचारून घ्या.

ओसाकाच्या बाजूची बोली बोलणारं पात्र आलं की इथे हमखास इंदुरी ‘भिया’ सुचतो. सराफ्यात हशा येईल, पण पात्र जपानी गावातून उठून इंदूरच्या राजवाड्यासमोर येऊन उभं राहील. त्यापेक्षा शब्दांची एखादी लकब धरा आणि ती प्रत्येक ओळीत सांभाळा. ‘क्रोनो ट्रिगर’च्या १९९५च्या इंग्रजीत बेडूक झालेल्या योद्ध्याला जुनी दरबारी भाषा मिळाली, जपानीत तो ‘ओरे’ म्हणणारा रोखठोक गडी. २००८च्या इंग्रजीने ती दरबारी झूल उतरवली. होळकरांच्या शहरात ‘आम्ही निघतो’ लिहायचा मोह होईल. दोन्ही लिहा, आणि कुठली ओळ एकट्या, लाजलेल्या माणसाची वाटते ते पाहा.

बैठकीचा क्रम सोपा. सीन जपानीत दोनदा पाहा, वीस मिनिटं प्रत्येकाने आपापलं मराठी लिहावं, मग मोठ्याने वाचन. इंग्रजीचा रकाना तोवर कागदाने झाकलेला. आधी वाचलं की सगळ्यांचं मराठी इंग्रजीच्या वळणाने जातं. क्रियापद शेवटी येणं ही आपली आणि जपानीची जमेची बाजू, ती वापरा. ‘मी तुला सोडून जाणार’ इथे बॉक्स संपवून ‘नाही’ पुढच्या बॉक्सवर टाकता येतं. इंग्रजीत नकार आधीच सांगून होतो. ‘हे वीर योद्ध्या’ छापाचं पौराणिक मराठी वाचनात आपोआप उघडं पडतं, ते तिथल्या तिथे काढा.

पुढच्या खेपेसाठी ‘फायनल फॅन्टसी १०’चा शेवट ठेवा, अर्थात सगळ्यांचा गेम पुरा झाला असेल तर. नायिका युना जपानीत ‘आरिगातो’ म्हणजे ‘धन्यवाद’ म्हणते; २००१च्या इंग्रजीत तिथे ‘आय लव्ह यू’ आहे. इंग्रजी संवाद जपानी तोंडाच्या हालचालींच्या वेळेत बसवावे लागले होते, हेही वहीत नोंदवा. मराठीत जवळच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हणत नाहीत आणि ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे तर घरात कोणी उच्चारत नाही. प्रत्येकाने चार शब्दांच्या आत एक ओळ आणावी, तोंडाच्या हालचालीवर म्हणून दाखवावी, आणि एकमत झालं नाही तर सगळ्या ओळी नावानिशी वहीत ठेवाव्यात.