जपानी लष्करी तलवारीवरचे ठप्पे कसे वाचायचे

माझी 28 वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला गेली. माल पास झाला की त्यावर पंच मारायचा, एवढंच काम. त्यामुळे शेजारच्या काकूंनी सासऱ्यांची तलवार बघायला आणली, तेव्हा मी धार नाही, आधी पंच शोधला. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत. ही पलटण दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांच्या ताबा-फौजेबरोबर जपानला गेली होती आणि तलवार तिकडूनच आलेली.

ठप्पा मुठीच्या आत असतो. मुठीत दडलेल्या पात्याच्या शेपटीला जपानी माणसं नाकागो म्हणतात. मुठीत बांबूची एक मेख दिसेल. ती एका बाजूने बारीक असते. बारीक तोंडावर लाकडी काडी ठेवून हलकेच ठोका. मग डाव्या हातात मूठ धरायची, पातं वर आणि थोडं तिरकं, धार स्वतःकडे मुळीच नाही. आता उजव्या मुठीने डाव्या मनगटावर टोले द्या. शेपटी सैल होत बाहेर येते. अडलीच तर ओढाताण करू नका, दुसरी मेख किंवा स्क्रू आहे का ते बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गंज घासू नका! तो काळपट गंजच वयाचा दाखला. काकूंच्या घरी कुणी हौशी माणसाने एमरी पेपर मारून ठेवला होता, त्यात अर्धा ठप्पा गेला. कोरड्या फडक्याने धूळ पुसा, टॉर्च आडवा धरा आणि भिंगाने बघा. मेखेच्या भोकाच्या वर, पात्याच्या मुळाशी बसवलेल्या पितळी कंकणाच्या खाली, नखाएवढी किंवा त्याहून लहान खूण शोधा. कधी ती शेपटीच्या जाड कडेवर असते. दिसली की पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं.

जपानी वाचता येत नसलं तरी आकार ओळखता येतो. सेकी गावचा ठप्पा म्हणजे दोन झडपांची वेस, आत थोड्या रेघा. हे गाव पात्यांसाठीच प्रसिद्ध. शोवा म्हणजे 1926 पासूनच्या जपानी सम्राटाच्या काळाचं नाव. त्या शोवाचा ठप्पा पाहायचा तर डावीकडे मधे आडवी रेघ असलेली उभी खिडकी आणि उजवीकडे खाली छोटा चौकोन. त्या चौकोनावरच्या अक्षराचा अर्थच तलवार, ही गंमत मला फार आवडते. हे दोन्ही ठप्पे सांगतात की पातं पारंपरिक पद्धतीचं नाही. बहुतेक कारखानी पोलाद, पाण्याऐवजी तेलात विझवलेलं. नागोया शस्त्रागाराच्या ‘ना’ अक्षरातही खाली चौकोन असतो, पण बाजूची खिडकी नसते. नांगर दिसला की नौदल. गोलात असेल तर तोयोकावाचं शस्त्रागार.

तारा मात्र दिसला तर जरा थांबा. 1942 नंतर लष्कराने निवडलेल्या लोहारांच्या पात्यांवर तो मारत. लोखंडाच्या वाळूपासून गाळलेल्या पोलादाचं, हाताने घडवलेलं काम. ठप्पाच नसला म्हणून पातं जुनं ठरत नाही, हेही सांगून ठेवतो. मुठीवरची चेरीची फुलं शोभेची असतात आणि शेपटीवरचे रंगाचे आकडे जुळणीचे. ते इन्स्पेक्शनचे नव्हेत, पण थिनरने पुसू नका.

शेपटीच्या दुसऱ्या बाजूला कोरीव तारीख असेल तर वरून खाली वाचा. अधिकच्या चिन्हासारखा दहा, त्याखाली मोडक्या छपरासारखा आठ, म्हणजे शोवा 18. त्यात 1925 मिळवा: 1943. काकूंची तलवार त्याच सालची, सेकीची.

साध्या हवालदार-नाईकांसाठी 1935 साली वेगळी तलवार निघाली, तिची मूठ धातूची ओतीव. ती खोलायची गरज नाही. क्रमांक पात्यावरच, मुठीजवळ असतो. तोच म्यानावर आहे का बघा. जुळला तर जोडी मूळची. मुठीच्या कंकणावरही शस्त्रागाराच्या छोट्या खुणा मिळतात.

नकली माल बाजारात भरपूर आहे. माझी कसोटी धंद्यातली. पंच मारला की धातू बाजूला सरकतो, कडेला सूक्ष्म उंचवटा येतो, तळ सपाट राहतो, आणि खड्ड्यातही बाहेरच्याइतकाच जुना गंज असतो. ओतून आणलेल्या खुणेच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. नवीन मारलेल्या पंचाच्या तळाशी उजेड चमकतो.

जोडताना शेपटीला तेल नको, पात्याला मात्र पातळ हात फिरवा. मेख काढली त्याच बाजूने, बारीक टोक आधी घालून बसवा आणि अंगठ्याने दाबून बघा, हलायला नको. काकूंनी विचारलं, “म्हणजे सामुराईची नाही ना?” मी नाही म्हटलं. “बरं झालं,” म्हणाल्या, “सासरे सगळ्यांना तसंच सांगायचे.”