मोठ्या मुलांसोबत समुद्रकिनारी सुटी: बेत कसा आखावा आणि कुठे मोकळा सोडावा

मुले लहान असतात तेव्हा समुद्रकिनाऱ्यावरच्या सुटीत आईवडिलांचा सगळा दिवस राखणीत जातो. कोण पाण्याजवळ गेले, कोणाच्या डोळ्यांत वाळू गेली, कोणाची झोपेची वेळ झाली, याभोवतीच तो फिरतो. मुले बारा-तेरा वर्षांची झाली की ही राखण संपते. पण नेमक्या त्याच सुमारास बऱ्याच घरांत अशी सहल काढणेही थांबते, कारण आता मुलांना आपल्याबरोबर यायला आवडणार नाही, असे पालकांनी मनाशी ठरवून टाकलेले असते. माझ्या मते किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये सहकुटुंब राहण्याचे खरे वय इथून सुरू होते. मध्यरात्रीपर्यंत जागणे, उजाडण्याआधी उठून दूरवर चालत जाणे, बोटीतून खोल पाण्यात जाणे, जेवण झाल्यावरही तासभर पानावरून न उठता बोलत बसणे, ही सुखे लहान मुलांबरोबर सहसा मिळत नाहीत आणि रिसॉर्टच्या जाहिरातीतही ती लिहिलेली नसतात. ती मिळावीत यासाठी बेत थोडा वेगळ्या रीतीने आखावा लागतो. पुढील मार्गदर्शन सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली आणि देवबागचा किनारा समोर ठेवून लिहिले आहे. कोकणात इतरत्र जाणाऱ्यांनाही ते थोड्या फरकाने वापरता येईल.

१. तारखा ठरवताना पंचांग जवळ घ्यावे

सुटीच्या तारखा शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकावरून ठरतात हे खरे, तरी हाती असलेल्या आठ-दहा दिवसांतून तीन-चार दिवस निवडताना तिथी पाहावी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि कोकणातले लोक तिचा अंदाज तिथीवरून बांधतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, दिवसा एकदा आणि रात्री एकदा, पाणी भरते. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास गेल्यास पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी पाणी दूर ओसरलेले असते, आणि चालायला, क्रिकेट खेळायला ओल्या घट्ट वाळूचे रुंद मैदान मिळते. अष्टमीला हेच मैदान भर दुपारी उघडे पडते, आणि तेव्हा उन्हामुळे त्याचा कोणाला उपयोग होत नाही.

हा हिशेब मुलांनाच करायला द्यावा. किनाऱ्यावर पोहोचल्यावर वाळूत काठी रोवून तो पडताळून पाहणे त्यांना आवडते, आणि ज्या पाण्यात उतरायचे त्याची चाल आधी समजून घेण्याची सवयही त्यातून लागते.

जून ते ऑगस्ट या काळात समुद्र खवळलेला असतो, जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, त्यामुळे तो काळ टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा फार असतो, पण आंब्याचा मोसम असतो आणि एप्रिलपर्यंत ओल्या काजूची उसळही मिळते, म्हणून ज्यांना तेवढ्यासाठी घाम चालतो त्यांनी अवश्य जावे. घरात कोणी दहावी-बारावीला असेल तर दिवाळीची सुटी किंवा परीक्षेनंतरचे दिवस धरावेत. रेल्वेने जायचे असल्यास कुडाळ स्थानक सोयीचे आहे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते आणि सुट्यांमध्ये कोकण रेल्वेची तिकिटे पाहता पाहता संपतात.

२. मुक्कामाची जागा निवडावी

मोठ्या मुलांसोबत एका मोठ्या खोलीपेक्षा शेजारशेजारच्या दोन लहान खोल्या घ्याव्यात. खर्च थोडा वाढतो, पण सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःचे दार लोटून घेता येणे आणि आईवडिलांना दुपारी निवांत पडता येणे, या दोन्ही गोष्टी सुटीचा सूर बदलून टाकतात. खोलीपासून वाळूपर्यंत जाताना मध्ये वाहता रस्ता नसावा. रस्ता नसेल तर मुले एकटी खाली जाऊन येऊ शकतात आणि प्रत्येक वेळी परवानगीचा प्रश्न उरत नाही. तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान किनाऱ्यालाच लागून आहे, आणि आसपास खासगी रिसॉर्ट आणि घरगुती न्याहारी-निवासही पुष्कळ आहेत. आरक्षण करताना जेवणाच्या वेळा किती लवचीक आहेत हे विचारून घ्यावे. उशिरा उठणाऱ्या मुलांना साडेनऊनंतर घावणे-चटणी मिळणार नसेल, तर रोज सकाळी कुरबूर होणार हे ठरलेले.

३. प्रत्येकाला एक दिवस सोपवावा

निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या हाती एकेक दिवस द्यावा. त्या दिवशी कुठे जायचे, काय खायचे, किती खर्च करायचा हे त्याने किंवा तिने ठरवावे. ठरलेली रक्कम आधीच हाती द्यावी आणि उरली तर ती त्यांचीच राहू द्यावी. इतरांनी त्या दिवशी सूचना करू नयेत. हे पालकांना अवघड जाते, पण मुलगा रिक्षावाल्याशी भाडे ठरवतो, मुलगी खानावळीत आजचे ताजे मासे कोणते ते विचारून सर्वांसाठी ताटे मागवते, आणि आपण नुसते मागून चालतो, यात जे समाधान आहे ते कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी मिळत नाही. मुलांना आपण इतकी वर्षे काय काय शिकवत आलो, हे अशा वेळी दिसते.

या वाटणीत एक दिवस कोणाच्याच नावावर ठेवू नये. तो पहिला दिवस असावा. प्रवासाचा शीण, अभ्यासाचा ताण आणि शहरातली घाई उतरायला तेवढा वेळ लागतोच. त्या दिवशी कंटाळा आला तर येऊ द्यावा. कंटाळलेली मुले थोड्या वेळाने वाळूवरचे बारीक खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी कशी मांडतात ते पाहत बसतात, किंवा पत्ते बाहेर काढतात. चौघांचे कुटुंब असेल तर मेंढीकोट आणि तिघांचे असेल तर पाच-तीन-दोन, यांसाठी पत्त्यांचा जोड सामानात असलाच पाहिजे.

मोबाइलवर सरसकट बंदी घालू नये. जेवताना आणि पाण्याजवळ तो नको, एवढा नियम पुरे, आणि तो आईवडिलांनीही पाळावा.

४. पाण्यात उतरण्याआधीचे नियम

मोठी मुले पोहायला शिकलेली असतात आणि म्हणूनच त्यांची काळजी अधिक घ्यावी लागते. तलावात शिकलेले पोहणे समुद्रात पुरत नाही. रोज सकाळी किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसाला विचारावे की आज कुठे उतरावे आणि कुठे नको. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तो संगम बोटीतून पाहावा, पण नदीच्या मुखाजवळ पोहू नये, कारण ओहोटीला तिथल्या पाण्याला जोराची ओढ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ सगळ्याच किनाऱ्यावर वाढते.

पाणी आत खेचू लागले तर काय करायचे, हे कोरड्या वाळूवर उभे राहून मुलांकडून म्हणवून घ्यावे. किनाऱ्याकडे थेट पोहत राहू नये, कारण प्रवाहापुढे चांगला पोहणाराही दमतो. अंग तरंगते ठेवावे, हात वर करून हाक द्यावी, आणि किनाऱ्याला समांतर पोहावे. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो. त्यातून सुटल्यावर लाटांबरोबर तिरके बाहेर यावे. एकट्याने आणि अंधार पडल्यावर पाण्यात जायचे नाही, या दोन गोष्टींवर कसलीही तडजोड नको.

मालवणच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगची सोय आहे आणि तारकर्लीला महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पहिली बुडी मारण्यासाठी सामान्यतः किमान वय १० वर्षे धरले जाते. दमा, कानाचा त्रास किंवा सर्दी असल्यास ती टाळावी, आणि बुडीनंतर निदान १८ तास विमानप्रवास करू नये. इथे पालकांनी काठावर थांबू नये, बरोबर उतरावे. पाण्याखाली बोलता येत नाही, हाताच्या खुणांवर सगळे चालते, आणि घाबरलेल्या बापाला पंधरा वर्षांचा मुलगा अंगठा आणि तर्जनी जुळवून सारे ठीक असल्याची खूण करतो, तेव्हा दोघांच्या नात्यात जे घडते ते घरच्या चार भिंतींत सहजी घडत नाही.

५. एक पहाट रापणीसाठी ठेवावी

रापण ही किनाऱ्यावरून ओढायची मासेमारी आहे. होडी अर्धवर्तुळ घेत जाळे टाकत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभी असलेली माणसे ओढतात. सकाळी लवकर बाहेर पडल्यास ती दिसण्याची शक्यता असते. आदल्या संध्याकाळी रिसॉर्टमधल्या माणसांकडे चौकशी करून ठेवावी. रापणकरांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, दोराला हात लावावा. बराच वेळ ओढल्यावर जाळे जवळ येते आणि त्यात बांगडे, तारली, कधी नुसता पालापाचोळा असतो. ताटातला मासा किती जणांच्या श्रमांतून येतो, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही. तेथील मासे विकत मिळाले तर रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात ते भाजून मागावेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्यास ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांची चौकशी अवश्य करावी. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर अंडी जपली जातात आणि पिल्ले सकाळ-संध्याकाळी समुद्रात सोडली जातात.

६. किल्ला उजळणीसाठी पाहू नये

सिंधुदुर्ग किल्ला पाहिल्यावाचून मालवणहून परतणे योग्य नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने कुरटे बेटावर या जलदुर्गाचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले आणि १६६७ मध्ये तो उभा राहिला. पण मुलांसमोर इतिहासाचा पाठ म्हणू नये. मालवणच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा, जिथे पायाभरणीची पूजा झाली, आधी दाखवावा, आणि किल्ल्यात शिरल्यावर त्यांना एकच प्रश्न द्यावा: चहूबाजूंनी खारे पाणी असताना गडावरच्या माणसांनी प्यावे काय? दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी त्यांनी स्वतः शोधाव्यात.

७. रात्र मोकळी ठेवावी

या सुटीचा सर्वांत श्रीमंत भाग रात्रीचा आहे आणि बहुतेक कुटुंबे तो खोलीत टीव्हीसमोर घालवतात. जेवणात सोलकढी झाली की सर्वांनी वाळूवर चटई टाकावी. हिवाळ्यात मृग आणि कृत्तिका डोक्यावर असतात, आणि दक्षिणेला समुद्रापासून फारसा उंच नसलेला ठळक अगस्त्य दिसतो. अंधाऱ्या पक्षात कधी कधी लाटांच्या कडा निळसर चमकतात. पाण्यातल्या नॉक्टिलुकासारख्या सूक्ष्म जीवांचा तो प्रकाश असतो आणि पाणी ढवळले की तो वाढतो. तो दिसेलच असे नाही, पण त्याची वाट पाहताना अंधारात मुले जे बोलतात ते ऐकण्यासारखे असते. त्या वेळी प्रश्न विचारू नयेत, उपदेश तर मुळीच करू नये. चेहरे दिसत नसले की मैत्रिणीशी झालेले भांडण, परीक्षेची भीती, पुढे काय शिकायचे याचा गोंधळ, हे सगळे आपणहून बाहेर येते.

कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि त्यांत दशावताराचा प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो. संकासुराचा प्रवेश, पखवाज आणि झांजांची साथ, लिखित संहितेवाचून जागच्या जागी रचलेले संवाद आणि पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका, हे पाहताना जागरणाची सवय असलेली कॉलेजची मुले आईवडिलांपेक्षा जास्त वेळ टिकतात. जवळ जत्रा असल्यास दुसऱ्या दिवशीची सकाळ रिकामी ठेवून जावेच.

८. प्रत्येक मुलाला एकटे भेटावे

दोन किंवा अधिक मुले असतील तर मुक्कामात एकदा तरी प्रत्येकाबरोबर एकाच पालकाने बाहेर पडावे. तासभर पुरेसा आहे. एक जण बाबांबरोबर कर्ली नदीत होडीने फिरून येईल, दुसरी आईबरोबर मालवणच्या बाजारात जाईल. भावंडांसमोर ज्यांचे नेहमी खटके उडतात, ती मुले एकटी असताना फार वेगळी असतात.

९. परतीचा दिवस

निघायच्या सकाळी नवा कार्यक्रम ठेवू नये. ओले कपडे वेगळ्या पिशवीत भरावेत, पोहण्याचे चष्मे आणि चपला गोड्या पाण्यात धुवाव्यात, आणि मालवणी खाजा व कोकम आदल्या दिवशीच घेऊन ठेवावेत. तारकर्लीहून कुडाळ स्थानकाला पोहोचायला दीड तास हाताशी धरावा. शाळा-कॉलेज सुरू होण्याआधी घरी एक पूर्ण दिवस मिळेल अशा बेताने तिकिटे काढावीत, आणि गाडीत बसल्यावर प्रत्येकाला विचारून घ्यावे की पुढच्या वेळी यातले काय गाळायचे. नवीन काय हवे हा प्रश्न नंतर विचारला तरी चालतो.