इंदूरात तक्रार कुठे द्यायची? या चुका टाळा

आमच्या घरामागच्या नाल्याला गेल्या उन्हाळ्यात सकाळी निळा रंग यायचा. मी हौसेनं महापालिकेच्या, म्हणजे इथल्या 'निगम'च्या, 'इंदूर 311' अ‍ॅपवर फोटो टाकला. माणसं आली, गाळ काढला, तक्रार बंद. दोन दिवसांनी नाला पुन्हा निळा! चूक माझीच. मी सदर निवडलं 'नाला सफाई', आणि सफाई झालीही. पण वरून कुणीतरी रंगाचं पाणी सोडत होतं, त्याचं काय?

सफाई निगमची. कारखान्याला सांडपाण्याची संमती देणं, नमुना घेणं, नोटीस बजावणं हे 1974 च्या जल कायद्यानं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम, आणि त्याचं प्रादेशिक कार्यालय इथेच आहे. मग मी नाल्याच्या काठानं वर चालत गेलो. एका पुलाखाली निळं, त्याच्या पुढच्या पुलाशी साधं गढूळ. कोणत्या दोन पुलांमध्ये आणि किती वाजता रंग मिसळतो, एवढं अर्जात लिहा. नमुना घेणाऱ्याला उभं कुठे राहायचं ते कळतं.

दुसरी चूक पुण्याहून येते. तिकडचे नातेवाईक सांगतात, "विकास आराखडा पालिकाच करते, तिथे हरकत द्या." महाराष्ट्रात ते बरोबर. मध्य प्रदेशात 1973 च्या कायद्यानं मास्टर प्लॅन राज्याचा नगर तथा ग्राम निवेश विभाग करतो, आपल्या बोलीत टीएनसीपी. आयडीए, म्हणजे विकास प्राधिकरण, त्या प्लॅनमध्ये बसणाऱ्या योजना राबवतं. प्लॅन ठरवत नाही. हरकत चुकीच्या टेबलावर पडली तर मुदत तिथेच संपते.

प्लॉट घेताना तर हमखास फसगत. दलाल टीएनसीपीचा शिक्क्याचा नकाशा पुढे करतो आणि आपण मान डोलावतो. तो फक्त ले-आउट. डायव्हर्शन, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करणं, महसूल खात्याचं, घराची बांधकाम परवानगी निगमची, आणि प्रकल्प रेराच्या, म्हणजे घर-प्लॉट प्रकल्पांवरच्या नियामकाच्या, कक्षेत असेल तर ती नोंदणी निराळी. एक कागद आहे म्हणून बाकीचे असतीलच, असं धरू नका.

झाड तुटलं की वन विभागाला फोन लावू नका; शहरातल्या झाडांसाठी 2001 चा वेगळा कायदा आहे, निगमकडे जा. उन्हाळ्यात बोअरिंगवर बंदी असते, ती जिल्हाधिकाऱ्यांची. रात्री 10 नंतरच्या डीजेसाठी पोलीस. प्रदूषण मंडळाला त्या रात्री कोण उठवणार? 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि ती इंदूरात मिळत नाही. सिरपूर तलाव 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथला कचरा निगम उचलेल, पण पाणथळीच्या नियमांचा प्रश्न भोपाळच्या राज्य पाणथळ प्राधिकरणापर्यंत जातो.

हरित लवादाचं खंडपीठही भोपाळलाच. पण "बघू, करतील" म्हणत वर्ष घालवू नका: पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. म्हणून प्रत्येक अर्जाची पोच तारखेसह जपा.

आणि 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार दिली असेल तर एक सांभाळा. दुपारी, नेमके आपण जेवायला बसलेलो असताना, फोन येतो: "साहेब, काम झालं, संतुष्ट आहात ना?" भिडेखातर 'हो' म्हटलं की तक्रार बंद होते. "आधी मागे जाऊन नाला बघतो, मग सांगतो," म्हणा.