घरी रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर घेताय? या चुका टाळा

दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, "घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, कोणता लॅपटॉप घेऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकतं: आय-सेव्हन, ग्राफिक कार्ड, एक टीबी. आपल्या घरात स्टुडिओसारखी काचेपलीकडची खोली नसते. जिथे माइक, तिथेच कॉम्प्युटर. म्हणून माझा पहिला प्रश्न एकच असतो: हे यंत्र चालू असताना स्वतः किती वाजतं?

गेमिंग लॅपटॉप सगळ्याला चालतो, असं मानणं

माझी मावशी भोर तालुक्यात राहते. जात्यावरच्या ओव्या तिला पाठ आहेत, पण जातं फिरवल्याशिवाय तिला त्या म्हणता येत नाहीत. हात थांबला की ओवी अडते. एका मे महिन्यात मी भाच्याचा गेमिंग लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो. माइक जात्यापासून दोन हातांवर, लॅपटॉप मागच्या कोनाड्यात. पहिली पाच-सहा मिनिटं सगळं शांत होतं, म्हणून मी हेडफोन काढून ठेवला आणि नुसता ऐकत बसलो. चाळीस मिनिटांनी मावशी उठली. रात्री फाइल लावली, तर सातव्या मिनिटापासून पंखा सुरू झालेला, तोही कधी हळू, कधी जोरात.

"नंतर काढून टाकता येतो की आवाज," असं लोक फार सहज म्हणतात. सॉफ्टवेअरला पंख्याचा नमुना दिला की ते तसला आवाज सगळीकडूनच कमी करतं. पण जात्याची घरघर आणि पंख्याची घरघर एकमेकींत मिसळलेल्या होत्या. पंखा काढला तसं जातंही गेलं. ओवीतले 'स' आणि 'ह' पाण्याखालून आल्यासारखे झाले. तीन रात्री घालवून शेवटी मी पंख्यासकट मूळ फाइलच जपून ठेवली. दिवाळीत परत गेलो तेव्हा मावशीचा खांदा धरला होता आणि जातं फिरवणं बंद झालं होतं.

तेव्हापासून दुकानात गेलो की लॅपटॉपवर पंधरा-वीस मिनिटं मोठा व्हिडिओ चालू ठेवतो, मग आवाज बंद करून कान कीबोर्डला लावतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या गजबजाटात हे जमत नाही, म्हणून दुकानदाराला आतल्या बाजूला बसू द्या म्हणतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. ज्यांना फक्त गाणं, निवेदन किंवा एक-दोन वाद्यं घ्यायची आहेत, त्यांना मी पंखाच नसलेलं मशीन सुचवतो. २०२० मध्ये ॲपलची एम-वन चिप आली तेव्हापासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. दोन-चार ट्रॅक रेकॉर्ड करायला फार ताकद लागतच नाही. ती लागते मिक्सिंगला, ढीगभर प्लगइन, म्हणजे आवाज सुधारणारी जोड-सॉफ्टवेअरं, लावल्यावर. आणि तेव्हा पंखा ओरडला तरी माइक बंद असतो.

वाजणारा लॅपटॉप घरात आधीच असेल तर तो शेजारच्या खोलीत ठेवा आणि माइकची केबल लांबवा. माइकची चांगली, तीन पिनांची एक्सएलआर केबल दहा-पंधरा मीटर सहज चालते. यूएसबीची केबल मात्र ओढत नेऊ नका. यूएसबी २ ची मर्यादा पाच मीटर आहे.

टचटच ऐकू आली की नवीन कॉम्प्युटर

ही चूक बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण यात लोकांचे कष्टाचे पैसे जातात. ओळखीचा एक तबलजी मुलगा साठ हजारांचा लॅपटॉप घ्यायला निघाला होता. रेकॉर्डिंगमध्ये दर अर्ध्या मिनिटाला 'टच' असा आवाज यायचा. जुना लॅपटॉप दमला, असं त्याला दुकानात सांगितलेलं.

बफर म्हणजे नळाखालची बादली समजा. इंटरफेसमधून, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेटीतून, आवाज सतत येत असतो आणि कॉम्प्युटरला बादली भरायच्या आत ती रिकामी करायची असते. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार तुकडे (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलची बादली पावणेतीन मिलिसेकंदांत भरते, १०२४ ची एकवीसमध्ये. मध्येच दुसऱ्या कुणी कॉम्प्युटरला अडवून धरलं की बादली सांडते. तोच तो 'टच'. मी लेटन्सीमॉन हे फुकटचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवलं. अडवणारा निघाला वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. वायफाय बंद केलं, इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (आवाज विंडोजला वळसा घालून थेट पोचवणारा) टाकला, पॉवर सेटिंग हाय परफॉर्मन्सवर नेलं. टचटच गेली. बादली जितकी मोठी तितकी थाप उशिरा ऐकू येते, म्हणून त्याने बफर ६४ वर आणून ठेवला होता, तो मी ५१२ केला आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करून दिलं. आता त्याला थाप कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात मिळते.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी ड्रायव्हर, मग वायफाय, मग बफर, आणि पाकिटाला हात सगळ्यात शेवटी. नव्या मुलांना हा अर्धा तास जड जातो. नव्या मशीनवरही तोच ड्रायव्हर टाकायचा राहिला तर तीच टचटच परत येते.

बाकीच्या, थोडक्यात

नुसतं आय-सेव्हन बघून भुलू नका. मॉडेल नंबरच्या शेवटी यू असेल तर तो साधारण १५ वॅटचा प्रोसेसर, एच असेल तर ४५ वॅटचा. एच जोमदार, पण पंखाही तसाच. शिवाय एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगइन बहुधा एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागावर, चालतात, त्यामुळे कोअर मोजण्यापेक्षा एका कोअरचा वेग बघा.

ग्राफिक कार्डाचे पैसे वाचवा आणि रॅममध्ये घाला. नुसत्या आवाजाला ८ जीबी पुरते, सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा साठा) वापरणार असाल तर १६ च्या खाली जाऊ नका. मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, तेव्हा घेतानाच ठरवा.

डिस्कचा बाऊ नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक तासाला जेमतेम अर्धा जीबी घेतो. ५१२ जीबीची एसएसडी आणि बॅकअपला बाहेरची एक डिस्क, झालं.

इंटरफेस साध्या, स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या यूएसबी हबला लावू नका. फँटम पॉवर, म्हणजे काही माइकना इंटरफेसमधून लागणारी वीज, चालू केली की वीज पुरत नाही आणि तो मधेच गायब होतो.

चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली तर घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा, तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा. चार्जरची तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. शॉक लागून जीव जाऊ शकतो.

जुना लॅपटॉप घेताना इंटेलच्या आठव्या पिढीपेक्षा जुना प्रोसेसर घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

डेस्कटॉप घेणार असाल तर यूपीएसचे पैसे आधी बाजूला काढा. आणि बझर बंद करता येतो असाच यूपीएस घ्या, नाहीतर वीज गेल्यावर फाइल वाचते, पण ऐन समेवर त्याचं बीप-बीप माइकमध्ये जातं.